दूरसंचार कंपनीची ऑनलाइन भरती चाचणी: तयारी कोठून सुरू करावी?

हिंगणारोड:

सर्वांना नमस्कार. मी यंदा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेची शेवटची परीक्षा दिली असून निकालाची वाट पाहत आहे. एका दूरसंचार कंपनीने नवपदवीधर अभियंत्यांसाठी ठेवलेल्या ऑनलाइन चाचणीचा ईमेल मला नुकताच आला. चाचणी ९० मिनिटांची असून तिचे चार भाग आहेत: संख्यात्मक क्षमता व तर्क, इंग्रजी, तांत्रिक ज्ञान आणि दोन कोडिंग प्रश्न. प्रत्येक भागाला स्वतंत्र वेळ आहे, पुढच्या भागात गेल्यावर मागे येता येत नाही, आणि चाचणी घरूनच, वेबकॅमच्या देखरेखीखाली द्यायची आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात की नाही, याचा उल्लेख ईमेलमध्ये नाही.

तांत्रिक भागाच्या अभ्यासक्रमात ‘कम्युनिकेशन, नेटवर्किंग व प्रोग्रॅमिंगची मूलतत्त्वे’ एवढी एकच ओळ आहे, आणि माझी खरी अडचण तीच आहे. त्या एका ओळीत आमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग मावतो. ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी केली असल्यामुळे सिद्धान्त बऱ्यापैकी आठवतात, पण कोडिंग कच्चे आहे. पुस्तके पहिल्या पानापासून वाचावीत, की जुने प्रश्न मिळवून सोडवावेत, की सगळे सोडून कोडिंगच्या मागे लागावे, हे ठरत नाही. शिवाय आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी मे महिन्याच्या दुपारी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. अशी चाचणी दिलेल्यांनी किंवा घेतलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बर्डीकर:

मी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून भरती चाचण्यांची तयारी करून घेतो, म्हणून स्पष्टच लिहितो: तुमचा उरलेला वेळ प्रामुख्याने कोडिंगला द्या. दूरसंचार कंपनी म्हटली की मनोरे आणि केबल डोळ्यांसमोर येतात, परंतु आज जाळ्याचा (नेटवर्कचा) गाभा मोठ्या प्रमाणात सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा झाला आहे, आणि नवख्या अभियंत्यांना मिळणारी बरीच कामे स्वयंचलन, देखरेख, बिलिंग आणि माहिती विश्लेषण यांतील असतात. कम्युनिकेशनचे प्रश्न तुमच्या शाखेच्या सगळ्याच उमेदवारांना थोडेफार येतात. दोन्ही प्रोग्रॅम त्यांना तपासणाऱ्या सर्व ‘टेस्ट केस’मधून पार करून देणारे उमेदवार मात्र थोडे निघतात, आणि निवड यादीत तेच वर दिसतात.

जुनाटॉवर:

ताई, मी नेटवर्क नियोजनाच्या कामात बरीच वर्षे काढली असून नवीन अभियंत्यांच्या मुलाखतीही घेतल्या आहेत. बर्डीकरांचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. नवीन कामे सॉफ्टवेअरची आहेत हे खरे, परंतु ज्या चाचणीत प्रत्येक भागाला वेगळी वेळ असते, तिच्यात पुष्कळदा प्रत्येक भागाचे किमान गुणही वेगळे असतात, आणि तांत्रिक भागात त्या रेषेच्या खाली राहिलेल्या उमेदवाराचा उत्तम प्रोग्रॅम त्याला वाचवू शकत नाही. ही चाळणी परीक्षा आहे. माझ्या पाहण्यात अशा परीक्षेत गळणारे पुष्कळसे उमेदवार असे असतात की ज्यांना उत्तर काढता येते, पण ते काढायला तीन मिनिटे लागतात आणि प्रश्नाच्या वाट्याला मिनिटभरच आलेले असते. गेटमध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. कंपन्यांच्या चाचण्यांत तो मिळेलच असे नाही. म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. ज्या थोड्या विषयांत आकडेमोड तोंडी करता येते आणि ज्यांवर प्रश्न हमखास बेतले जातात, ते विषय हातात मुरवून घ्या.

पहिला विषय डेसिबलचा, म्हणजे शक्तीचे गुणोत्तर लॉगमध्ये मांडण्याचा, आणि त्यावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण पदवी हातात असलेले उमेदवारही येथे अडखळताना मी पाहिले आहेत. डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती: ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट आणि ३० डीबीएम म्हणजे १ वॅट; शक्ती दुप्पट झाली की ३ मिळवायचे आणि दहापट झाली की १० मिळवायचे. एवढ्या भांडवलावर बेस स्टेशनच्या २० वॅटचे डीबीएम तोंडी निघतात: १ वॅटचे ३०, दहापटीचे १०, दुपटीचे ३, एकूण ४३. आता केबलमध्ये ३ डेसिबल गेले आणि अँटेनाचा लाभ १७ डीबीआय (सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करणाऱ्या आदर्श अँटेनाच्या तुलनेत) असला, तर प्रभावी प्रक्षेपित शक्ती ५७ डीबीएम होते. तीच वॅटमध्ये विचारली, तर ५७ म्हणजे ६० उणे ३ असे पाहायचे. ६० डीबीएम म्हणजे १००० वॅट आणि त्याचे निम्मे ५०० वॅट. पुढे मार्गात १४० डेसिबल ऱ्हास झाला, तर फोनपाशी उणे ८३ डीबीएम पोहोचतात. यात लॉग सारणी कोठेच लागली नाही.

याच विषयातला नेहमीचा सापळा असा: प्रत्येकी ४३ डीबीएमचे, परस्परांशी संबंध नसलेले दोन संकेत एकत्र केले तर एकूण शक्ती किती? पर्यायांत ८६ हमखास ठेवलेले असते आणि घाईत तेच निवडले जाते. डीबीएम ही प्रत्यक्ष शक्ती आहे, डेसिबल हे गुणोत्तर आहे. शक्ती दुप्पट झाली म्हणून उत्तर ४६.

त्यालाच जोडून मुक्त अवकाशातील ऱ्हास पाहा. अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात, वारंवारता दुप्पट केली तरी ६ डेसिबलच वाढतात. अंतर किलोमीटरमध्ये आणि वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घेतली तर सूत्रातला स्थिरांक ३२.४४ असतो. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ७०० मेगाहर्ट्झ आणि ३३०० मेगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे होते. त्याच अंतरावर, त्याच लाभाच्या अँटेना धरल्या, तर ३३०० च्या पट्ट्यात ७०० पेक्षा सुमारे साडेतेरा डेसिबल अधिक ऱ्हास होतो. खालच्या पट्ट्याने दूरवर पोहोचता येते आणि वरच्या पट्ट्यात रुंद बँडविड्थ मिळते, हा मुद्दा लेखी चाचणीत आकड्यांनी आणि मुलाखतीत शब्दांनी विचारला जातो.

दुसरा विषय कॉलच्या वाहतुकीचा, म्हणजे एर्लांगचा; एक वाहिनी तासभर सतत व्यापलेली राहिली की १ एर्लांग. डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना १९१७ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. समजा, गर्दीच्या तासात ९०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी २ मिनिटे चालतो. एकूण १८०० मिनिटे, भागिले ६०, म्हणजे ३० एर्लांग. गणित एवढेच आहे. परंतु त्यावरून ३० वाहिन्या पुरतील असा निष्कर्ष काढला, की उत्तर चुकते, कारण कॉल रांगेने येत नाहीत, ते एकदम कोसळतात. शंभरात दोन कॉल नाकारले जाणे मान्य केले, तरी एर्लांग बी कोष्टकानुसार ३० एर्लांगसाठी ३९ वाहिन्या लागतात. कोष्टक पाठ करण्याची गरज नाही; वाहिन्या एर्लांगपेक्षा जास्त का लागतात, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

बाकीचे भराभर सांगतो. पीसीएममध्ये (आवाजाचे अंकीय रूपांतर) सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणजे एका आवाजाच्या वाहिनीला ६४ किलोबिट. अशा ३२ खिडक्यांचा (टाइमस्लॉटचा) ई१ हा जोड म्हणजे २.०४८ मेगाबिट, आणि त्यातील ३० खिडक्याच आवाजाच्या. जीएसएममध्ये (२जी) वाहकांमधील अंतर २०० किलोहर्ट्झ आणि एका वाहकावर ८ टाइमस्लॉट. एलटीईत (४जी) उपवाहकांमधील अंतर १५ किलोहर्ट्झ, एका रिसोर्स ब्लॉकमध्ये १२ उपवाहक म्हणजे १८० किलोहर्ट्झ, आणि २० मेगाहर्ट्झच्या वाहकात असे १०० ब्लॉक. ५जीत हे अंतर १५, ३०, ६०, १२० असे दुपटीने वाढते आणि स्लॉटचा काळ त्याच प्रमाणात निम्मा होत जातो. फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला ऱ्हास सर्वांत कमी, किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल, नेहमीच्या सिंगल मोड फायबरचे अपस्करण (प्रकाशाचे स्पंद पसरणे) मात्र १३१० च्या आसपास शून्य होते. वाहिनीची कमाल क्षमता सांगणाऱ्या शॅनन यांच्या सूत्रावर प्रश्न आला, तर संकेत आणि गोंगाट यांचे ३० डेसिबलचे गुणोत्तर म्हणजे १००० पट आणि १००१ चा २ या पायाचा लॉग जवळपास १०, हे लक्षात ठेवा. ३१०० हर्ट्झच्या टेलिफोन वाहिनीची क्षमता लगेच ३१ किलोबिटच्या आसपास निघते.

मॉड्युलेशनच्या लांबलचक सिद्धता, अँटेनाच्या प्रारणाची समाकलने (इंटिग्रल) आणि मॅक्सवेलची समीकरणे तूर्त बाजूला ठेवा. मिनिटभराच्या प्रश्नात ती बसत नाहीत.

हिंगणारोड:

काका, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला ‘तू’ म्हटले तरी चालेल. डेसिबलचे उदाहरण स्वतः आकडे बदलून करून पाहिले: ४० वॅट, केबलचा ऱ्हास २, लाभ १८, तर ४६ उणे २ अधिक १८, म्हणजे ६२ डीबीएम. हे बरोबर आहे ना? नेटवर्किंगबद्दल तुम्ही काही लिहिले नाही. सबनेटच्या (नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत विभागण्याच्या) गणितात मी प्रत्येक वेळी बत्तीस बिट लिहून काढते आणि त्यातच वेळ जातो.

जुनाटॉवर:

६२ बरोबर आहे.

सबनेटसाठी बत्तीस बिट लिहायची गरज नाही, शेवटच्या अष्टकाकडे, म्हणजे शेवटच्या आठ बिटांच्या आकड्याकडे पाहा. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता /२६ च्या मुखवट्यासह, म्हणजे पहिले २६ बिट नेटवर्कचे, असा दिला आहे असे धर. ३२ उणे २६, उरले ६ बिट, म्हणजे ६४ पत्त्यांचा गट. गट ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात; ७७ हा आकडा ६४ च्या गटात पडतो. म्हणून नेटवर्कचा पत्ता ६४ वर, ब्रॉडकास्ट १२७ वर, यंत्रांना देता येणारे पत्ते ६५ ते १२६, एकूण ६२. आधी गटाचा आकार काढायचा आणि मग आकडा कोणत्या गटात बसतो ते पाहायचे, एवढाच क्रम ठेव. मुखवटा दशांश रूपात विचारला, तर २५६ उणे ६४, म्हणजे शेवटचे अष्टक १९२.

याशिवाय टीसीपीची त्रिपदी जुळणी (थ्री-वे हँडशेक), टीसीपी आणि यूडीपी यांतील फरक, डीएनएस, डीएचसीपी व एआरपी यांची कामे, आणि ५३, ८०, ४४३, २२ ही पोर्टची ओळख पक्की असू दे. ओएसआय या नेटवर्कच्या नमुना-रचनेचे सात स्तर सगळे पाठ करतात. प्रश्न मात्र राउटर, स्विच आणि हब कोणत्या स्तरावर काम करतात असा येतो.

बर्डीकर:

जुनाटॉवर यांनी तांत्रिक भागाचे काम हलके केले, तेव्हा मी कोडिंगवर लिहितो. अशा चाचण्यांत दूरसंचाराचे कथानक चढवलेला एक प्रश्न वारंवार भेटतो: प्रत्येक कॉलची सुरुवातीची आणि संपण्याची वेळ दिलेली असते आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती कॉल चालू होते ते काढायचे असते. पहिल्या झटक्यात सुचणारा मार्ग म्हणजे प्रत्येक कॉलची दुसऱ्या प्रत्येक कॉलशी तुलना करणे. दहा कॉलच्या नमुन्यावर तो अचूक चालतो, उमेदवार खूश होतो, आणि लपवलेल्या टेस्ट केसमध्ये १ लाख कॉल आले की तुलनांची संख्या १००० कोटींवर जाऊन वेळमर्यादा उलटते.

योग्य मार्ग असा की सुरुवातीला अधिक १ आणि शेवटाला उणे १ अशी खूण करून सर्व वेळा एकत्र क्रमाने लावायच्या आणि डावीकडून बेरीज करत जायची. त्या बेरजेची कमाल हेच उत्तर. क्रम लावण्याचा खर्च काही लाख क्रियांत आटोपतो. खरी मेख समान वेळांत आहे. १०:०० ते १०:०५, १०:०३ ते १०:०८ आणि १०:०५ ते १०:०९ असे तीन कॉल घ्या. १०:०५ ला संपणारा कॉल आधी वजा केला तर उत्तर २ येते आणि सुरू होणारा आधी मिळवला तर ३ येते. कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे प्रश्नाच्या एखाद्या ओळीत किंवा नमुन्याच्या उत्तरात दडलेले असते. म्हणून नमुना कागदावर हाताने सोडवून मगच कळफलकाकडे वळावे.

भाषेबाबत माझे मत असे की जी आधीपासून हाताशी आहे तीच ठेवावी. चाचणीच्या तोंडावर सी सोडून पायथन धरण्यात हशील नाही. सीमध्ये आणि सी प्लस प्लसमध्ये मात्र साधा पूर्णांक सुमारे २१४ कोटींपर्यंतच जातो याचे भान ठेवा. १ लाख गुणिले १ लाख केले की तो उलटतो आणि उत्तर चुकीचे येते. आदान (इनपुट) वाचणे, स्ट्रिंगमधील अक्षरे मोजणे, क्रम लावणे, बायनरी शोध आणि हॅश मॅप, एवढे न अडखळता लिहिता येऊ द्या. एखादा प्रश्न पूर्ण सुटला नाही, तरी संथ का होईना, चालणारा प्रोग्रॅम सादर करा, कारण पार झालेल्या टेस्ट केसचे गुण अनेक ठिकाणी वेगळे धरले जातात.

पूर्वविदर्भ:

मी भंडाऱ्याचा असून यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. अशा जाहिरातींत ‘सर्व शाखा’ असे लिहिलेले असते. आमच्यासारख्यांनी खरोखर अर्ज करावा का, की ते नुसते लिहिण्यापुरते असते?

जुनाटॉवर:

जाहिरातीत शाखा मोकळी ठेवली असेल तर अवश्य करावा. मनोऱ्यांच्या जागा, वीज, बॅटरी, शीतकरण आणि फायबरची बांधणी, या सगळ्या कामांना यांत्रिकी आणि विद्युत शाखेची माणसे लागतात. चाचणी सर्वांना एकच असेल, तर तुम्ही कम्युनिकेशनच्या मागे न लागता आधी नेटवर्किंग उरकावे. त्याला मागच्या चार वर्षांची पूर्वतयारी लागत नाही.

अजनीपूल:

मी अलीकडेच अशी देखरेखीतली चाचणी नागपुरातूनच घरी बसून दिली आहे, त्यामुळे अभ्यासाऐवजी व्यवस्थेबद्दल लिहिते. या गोष्टी पुण्या-बंगळुरूच्या मुलांना कोणी सांगत नाही, कारण त्यांना त्यांची गरजच पडत नाही.

पहिली गोष्ट कूलर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि खिडकीतला मोठा कूलर बंद करून दीड तास बसणे शक्य नसते. पण देखरेखीचे सॉफ्टवेअर मायक्रोफोनवरही लक्ष ठेवते, आणि पंख्याच्या सततच्या घरघरीत मध्येच पाण्याचा पंप खडखडला की ‘पार्श्वभूमीवर आवाज’ अशी सूचना पडद्यावर झळकते. मी लॅपटॉप कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या खोलीच्या भिंतीशी ठेवला, दोन्ही खोल्यांमधले दार अर्धे लोटले आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला ध्वनिमुद्रण करून ऐकले. वेळ निवडण्याची मुभा असेल तर सकाळची घ्यावी.

दुसरी गोष्ट वीज. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण घरापर्यंत आलेल्या फायबरच्या टोकाला असलेल्या ओएनटी पेटीलाही वीज लागते आणि राउटरलाही. दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर आहेत का, ते मुख्य बटण बंद करून एकदा तपासावे. पर्याय म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच लॅपटॉपला जोडून, पासवर्ड साठवून ठेवावा; मात्र तो फोन टेबलावर ठेवू नये. कॅमेऱ्यात फोन दिसणे हीच गैरप्रकाराची खूण मानली जाते. शेजारच्या खोलीत, दाराच्या जवळ ठेवला तरी पुरतो.

तिसरी गोष्ट जागेची. घरी गर्दी असली की आपल्याला अभ्यासिकेत जाऊन चाचणी द्यावी असे वाटते. तसे करू नये. मागून कोणी नुसते चालत गेले, तरी चौकटीत दुसरा चेहरा दिसल्याची नोंद होते. त्यापेक्षा एखाद्या नातेवाइकाची रिकामी खोली मागून घ्यावी. ओळखपत्रावरील नाव आणि अर्जातील नाव जुळते का ते पाहावे; आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते आणि दुसऱ्यावर नसते. ब्राउझर सोडून सर्व प्रोग्रॅमच्या सूचना बंद कराव्यात, कारण अँटिव्हायरसची खिडकी आपोआप उघडली तरी तुम्ही पडदा बदलला असे मोजले जाऊ शकते.

आणि त्या सकाळी तर्री पोहे टाळावेत. हे गंमत म्हणून लिहिलेले नाही; चाचणी सुरू असताना जागेवरून उठता येत नाही.

सदरबाजार:

विषयाला धरूनच एक सावधगिरीची सूचना. भरती चाचणीच्या नावाखाली पैसे उकळणारे बनावट ईमेल याच हंगामात फिरतात. दूरसंचार कंपनीचे बोधचिन्ह लावलेले पत्र येते, चाचणी अगदी सोपी असते, लगेच ‘निवड झाली’ असे कळते, आणि मग लॅपटॉप पाठवण्याचा खर्च किंवा परत मिळणारी अनामत म्हणून रक्कम मागितली जाते. प्रतिष्ठित खासगी कंपनी निवडीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ईमेलच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हानंतर काय आहे ते अक्षर न अक्षर वाचावे, आणि तीच भरती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील नोकऱ्यांच्या पानावर आहे का, ते ईमेलमधल्या दुव्यावरून न जाता स्वतः पत्ता टाइप करून पाहावे. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. नुसता संशयास्पद कॉल किंवा संदेश आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर चक्षू या सुविधेतून तक्रार नोंदवता येते.

हिंगणारोड:

सूचनेबद्दल आभार. मी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिले. भरती तेथे आहे आणि पैसे कोणी मागितलेले नाहीत. अजनीपूल ताई, राउटर इन्व्हर्टरवर होता, पण ओएनटी साध्या प्लगवर होती, ती आज बदलून घेतली.

आता एक शंका उरली आहे. गुण वजा होतात की नाही हे माहीत नसताना अंदाजाने उत्तर द्यावे का? गेटच्या सवयीमुळे मी प्रश्न सोडून देते, आणि मैत्रिणी म्हणतात की एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस.

बर्डीकर:

याचे उत्तर हिशेबाने काढता येते. चार पर्याय आहेत असे धरा. चुकीला पाव गुण वजा होत असेल, तर डोळे मिटून दिलेल्या उत्तराची अपेक्षित किंमत पाव उणे तीन षोडशांश, म्हणजे एक षोडशांश, शून्याच्या किंचित वर. गेटमध्ये एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला एक तृतीयांश गुण वजा होतो, तेथे ती बरोबर शून्य होते. पण त्या कडक नियमातही एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर किंमत एक नवमांश होते, आणि दोन बाद करता आले तर एक तृतीयांश. गुण वजा होतच नसतील, तर कोरा प्रश्न ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तेव्हा नियम कळलेला नसताना एक तरी पर्याय बाद झाला की उत्तर द्यावे आणि काहीच सुचत नसेल तर पुढे जावे. चाचणी सुरू होण्याआधी सूचनांचे पान येते, त्यावर हा नियम असण्याची शक्यता बरीच असते. ते पान घाईने ओलांडू नका.

एक अपवाद आहे. काही चाचण्या अनुकूलनशील असतात, म्हणजे मागच्या उत्तरावरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते आणि प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही. तेथे सुरुवातीच्या प्रश्नांना थोडा अधिक वेळ द्यावा आणि प्रश्न अवघड होत चालले म्हणून घाबरू नये.

जुनाटॉवर:

बर्डीकरांचा हिशेब योग्य आहे. डेसिबलच्या प्रश्नांत पर्याय बाद करणे तर फारच सोपे असते, कारण एककावरूनच एखादा पर्याय गळतो: ऱ्हासाचे उत्तर डीबीएममध्ये दिलेले दिसले की तो पर्याय खोडायचा.

मुलाखतीसाठी एक विषय आताच वाचून ठेव. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवा सुरू झाली, तेव्हा जिओने ५जीचा स्वतःचा गाभा असलेली स्टँडअलोन रचना निवडली आणि एअरटेलने ४जीच्या गाभ्याचा आधार घेणाऱ्या नॉन-स्टँडअलोन रचनेने सुरुवात केली. या दोन मार्गांत खर्च, सेवा सुरू करण्याचा वेग, विलंब आणि नेटवर्क स्लायसिंग (एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या सेवांसाठी स्वतंत्र भाग करणे) यांच्या दृष्टीने काय फरक पडतो, हे पाच-सहा वाक्यांत सांगता येईल अशी तयारी ठेव. चाचणीत त्याचा एखादाच प्रश्न असेल, पण समोरच्या मेजावर बसलेल्याला उमेदवाराने केवळ पाठांतर केले आहे की विषय समजून घेतला आहे, हे याच उत्तरावरून कळते.

हिंगणारोड:

काका, हे वाचून ठेवते. आजपासून सकाळी कोडिंग आणि दुपारी डेसिबल, एर्लांग व सबनेट घड्याळ लावून, असे वेळापत्रक केले आहे. इंग्रजीला रात्रीचा थोडा वेळ. शेवटचे एकच विचारते: कच्चे गणित करायला कागद जवळ ठेवता येतो का?

अजनीपूल:

ते ईमेलमधील सूचनांवर अवलंबून आहे. माझ्या चाचणीत कोरे कागद चालत होते, पण सुरुवातीला दोन्ही बाजू कॅमेऱ्यासमोर धरून दाखवाव्या लागल्या. कागद लॅपटॉपच्या शेजारी, मान फारशी न वळवता दिसेल असा ठेवा, कारण नजर सतत चौकटीबाहेर गेली तर त्याचीही नोंद होते. सूचनांत कागदाचा उल्लेखच नसेल, तर ईमेलमध्ये दिलेल्या मदत पत्त्यावर आजच विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा.